रंगभवनाचं रॉक : ‘आय-रॉक’ महोत्सवाची वाटचाल

मुंबईत धोबीतलावाला, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून, रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. जुन्या नाट्यवेड्यांना ते राज्य नाट्यस्पर्धेमुळे माहीत असतं, तर जॅझच्या चाहत्यांना निरंजन झवेरी यांनी १९७८ साली सुरू केलेल्या ‘जॅझ यात्रे’मुळे. १९८६च्या ऑगस्टमध्ये याच रंगमंचावर फरहाद वाडिया या तरुणाने स्वातंत्र्यदिनाचं निमित्त साधून रॉक बँडचा जलसा भरवला. नाव ठेवलं ‘इंडिपेन्डन्स रॉक’. पोरांनी त्याचं ‘आय-रॉक’ केलं आणि तेच नाव रूढ झालं.

कोकणातल्या शिरोड्याच्या माणसाचा या महोत्सवाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. जुनं कुठवर आणि नवं कुठून, अस्सल कशाला म्हणायचं आणि बाटलेलं कशाला, हा वाद आपल्याकडे दशावतारी नाटकाबद्दल जत्रेच्या प्रत्येक रात्री रंगतो. क्लासिक रॉकबद्दल हाच वाद जगभर चालू आहे. त्या वादाचं मला पटलेलं उत्तर या महोत्सवाच्या वाटचालीत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘क्लासिक रॉक’ हे नाव वादकांनी ठेवलेलं नाही, ते रेडिओवाल्यांचं. साठ-सत्तरच्या दशकात जी अमेरिकन पिढी कॉलेजात होती, ती १९८०च्या दशकात नोकरीधंद्याला लागली होती. तिच्या हातात पैसा होता, जाहिरातदारांना ती हवी होती आणि तिला तिच्या तरुणपणाची गाणी हवी होती. फ्रेड जेकब्ससारख्या रेडिओ-सल्लागारांनी हे हेरलं आणि फक्त जुनं रॉक वाजवणारी केंद्रं उभी राहिली. त्यांची हद्द साधारण १९६०च्या मध्यापासून १९८०च्या दशकापर्यंतची. बीटल्सचा उत्तरार्ध, रोलिंग स्टोन्स, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, क्वीन, ईगल्स ही तिथली मानकरी मंडळी.

पण वर्षांची हद्द टिकत नाही. ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम १९९१मध्ये आला, तेव्हा तो या जुन्या मंडळींविरुद्धचं बंड मानला गेला. आज त्याच केंद्रांवर तो झेपलिनच्या पाठोपाठ वाजतो. शिवाय या यादीत कोण नाही, हेही पाहायला हवं. चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्याकडून गोऱ्या पोरांनी गिटार उचलली, पण क्लासिक रॉकच्या केंद्रांवर जिमी हेन्ड्रिक्स सोडला तर कृष्णवर्णीय वादक शोधावे लागतात. बायकाही अशाच मोजक्या. ही हद्द आखताना ऐकणारा गिऱ्हाईक कोण, एवढंच पाहिलं गेलं, हे उघड आहे.

मुंबईत असा रेडिओ नव्हताच. आकाशवाणीवरचा ‘सॅटरडे डेट’, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधल्या तबकड्या आणि बोटीवरून परतलेल्या खलाशांनी आणलेल्या कॅसेटी, एवढीच सामग्री. त्यामुळे इथे क्लासिक काय ते ठरलं रंगमंचावर. जे बँडला वाजवता आलं आणि समोरच्या गर्दीने उचलून धरलं, ते टिकलं.

या मंचामागची परंपराही लहान नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८च्या सुमारास ‘हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड होता. त्यात पियानो वाजवणारा फरुख बलसारा पुढे क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी झाला. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या. १९७२मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि त्यांनी इथल्या सतार, तबला, व्हायोलिनवाल्यांबरोबर झेपलिनची दोन गाणी मुद्रित केली. ती अधिकृतपणे ऐकायला मिळाली थेट २०१५मध्ये, ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत. तबल्यावर वाजलेलं झेपलिन क्लासिक रॉक आहे की नाही, याचा निकाल देणारा रेडिओ सल्लागार मला भेटला तर मी त्याला हे मुद्रण ऐकवीन.

मराठी माणसाने विसरू नये असं नाव मात्र नंदू भेंडे यांचं. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घरात मराठी रंगभूमी नांदत होती, पण त्यांनी धरली रॉकची वाट. वेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडमधून ते गायले. १९७४मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा मुंबईत रंगभूमीवर आणला, तेव्हा त्यातला जूडास भेंडे यांनी रंगवला. चार वर्षांनी पुलंनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला, जब्बार पटेल यांनी तो थिएटर अकादमीसाठी बसवला, आणि त्यातला अंकुश नंदू भेंडे झाले. नाट्यगीत, लावणी आणि रॉक एकाच प्रयोगात, एकाच मराठी प्रेक्षकासमोर! तो काळ, तो आवाज, ती गाण्याची तऱ्हा पाहिली तर हे क्लासिक रॉकच आहे. शब्द मराठी आहेत म्हणून ते हद्दीबाहेर ढकलणं मला मान्य नाही. भेंडे एप्रिल २०१४मध्ये गेले. त्यांच्या कामाची दखल रॉकवाल्यांनी थोडी घेतली, मराठी नाट्यसमीक्षेने त्याहून थोडी.

आय-रॉकच्या आरंभीच्या वर्षांत बँड मुख्यतः दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. त्याला आज नाकं मुरडली जातात. पण ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवून बघा, म्हणजे ते काम कळेल. डिसेंबर १९७१मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रे इथलं कॅसिनो जळालं. डीप पर्पल तिथे ध्वनिमुद्रणासाठी गेले होते. तळ्यावर पसरलेल्या त्या धुरावरून हे गाणं झालं आणि १९७२च्या ‘मशीन हेड’मध्ये आलं. त्याची सुरुवातीची गिटारची ओळ आपल्या पेटीच्या भाषेत सांगायची तर सा, कोमल ग, शुद्ध म आणि ओझरता तीव्र म. चारच सूर. पण प्रत्येक सुराबरोबर त्याच्या खालचा, षड्ज-मध्यमाच्या अंतरावरचा सूर जोडीने वाजतो. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर या दोन तारा नखीने छेडत नाही, बोटांनी एकदम उचलतो. नखीने छेडलं की एक तार आधी बोलते, दुसरी मागून, आणि ओळीतला ठोसपणा जातो. मुंबईच्या पोरांना हे सांगणारा गुरू नव्हता, पुस्तक नव्हतं, पाहायला चित्रफीत नव्हती. कॅसेट मागे-पुढे करत, टेप झिजेपर्यंत ऐकून त्यांनी ते कानाने उचललं. फुर्ताडोजचं वाद्यांचं दुकान धोबीतलावालाच, रंगभवनापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या काचेतली परदेशी गिटार परवडत नसे, मग देशी बनावटीच्या गिवसनवर काम भागवायचं. इतक्या कष्टाने वाजवलेल्या गाण्याला नक्कल म्हणणं हा अन्याय आहे.

तरी वाजवणाऱ्यांनाच ते पुरेनासं झालं. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’ने स्वतःची गाणी रचली आणि १९८८मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम काढला. उदय बेनेगल गाणारा, महेश टिनईकर गिटारवर. संगीत अमेरिकन वळणाचं, इंग्रजी चोख. १९९३मध्ये या बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, आणि १९९५च्या अल्बममध्ये भारतीय वाद्यं आणि भारतीय लय रॉकच्या अंगणात आली. जुन्या चाहत्यांतले काही नाराज झाले. मला मात्र हे वळण आय-रॉकच्या काळातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. झेपलिनने १९७२मध्ये मुंबईत येऊन जे पाहुण्यासारखं करून पाहिलं, ते इथल्या बँडने घरचं म्हणून केलं. कोचीच्या ‘१३ एडी’नेही १९९०मध्ये ‘ग्राउंड झीरो’ काढून स्वतःची गाणी लोकांपुढे ठेवली होती.

नव्वदीत देश बदलला, तसं श्रोत्यांचं वयही बदललं. केबलवर एमटीव्ही आलं. १९९३मध्ये अलाहाबादहून अमित सैगल यांचं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागलं आणि गावोगावच्या बँडना एकमेकांचा पत्ता लागला. आय-रॉकवर दिल्लीचा परिक्रमा, बंगळूरचा मिलेनियम, मुंबईचे ब्रह्मा आणि पेन्टाग्राम यांची नावं झळकू लागली. पुढे ‘भयानक मौत’सारख्या बँडचं घशातून गुरगुरणारं मेटल आलं. ईगल्सवर वाढलेल्यांना ते गाणंच वाटेना, आणि मेटलच्या पोरांना ईगल्स म्हणजे बापाची गाणी. पण दोघं एकाच मैदानात, पावसात भिजत उभे असत, कारण ऑगस्टमध्ये मुंबईत दुसरं काय होणार!

इथे मला शिरोड्याबद्दल बोलायलाच हवं. आपल्या माउलीच्या किंवा आरवलीच्या वेतोबाच्या जत्रेत दशावतारी नाटक उभं राहतं. आधी आडदशावतार, मग आख्यान. संवाद लिहिलेले नसतात. पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या आधाराने नट ते जागच्या जागी रचतो. पखवाजाच्या जागी कुणी तबला घेतला, तेव्हा कुरकुर झाली. आता ‘ट्रिकसीन’वाल्या नाटकांत धूर निघतो, मूर्तीतून देव प्रकटतो, आणि जाणते म्हणतात, हा दशावतार न्हय. मला वाटतं, जोवर नटाला समोरच्या राक्षसाला ऐनवेळी सुचलेलं उत्तर देता येतं, तोवर तो दशावतार आहे, धूर असो वा नसो. रॉकचंही तेच. गिटारची ओळ, ड्रमचा ठेका आणि गाणाऱ्याचा उघडा आवाज यांच्यात समोरासमोरची झुंज ऐकू येते तोवर ते रॉक आहे. आणि मागून आलेल्या पिढीला ते पुन्हा वाजवावंसं वाटलं, की ते क्लासिक झालं.

या कसोटीवर आपल्या अगदी शेजारचा माणूसही उतरतो. तेरेखोल ओलांडलं की पुढे शिवोली, रेमो फर्नांडिस यांचं गाव. त्यांनी १९८४चा ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम घरीच मुद्रित केला आणि स्वतः फिरून दुकानांत पोचवला. गाणी इंग्रजी, विषय गोव्याचे, कोंकणी मांडोचा नाद मागे. अमेरिकन यादीत त्यांचं नाव येणार नाही. गोव्यात मात्र त्या वेळी जन्मलाही नसलेली पोरं ती गाणी वाजवतात, म्हणून माझ्या यादीत ती आहेत.

रंगभवनाचं काय झालं ते थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालयं, न्यायालयं आणि शिक्षणसंस्थांभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. २००३च्या सुमारास तिथले कार्यक्रम थांबले. रुग्णाला शांत झोप मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्या मंचाची जागा घेईल असं दुसरं परवडणारं खुलं नाट्यगृह दक्षिण मुंबईत कुणी उभारलं नाही, ही सरकारची आणि महापालिकेची चूक आहे. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला, २०१३नंतर थांबला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये माझगावला पुन्हा भरला. या वेळी इंडस क्रीड आणि १३ एडी हे मानाचे ज्येष्ठ म्हणून मंचावर होते. एकेकाळी परक्यांचं क्लासिक रॉक वाजवणाऱ्या पिढीतले हे बँड आता स्वतःच क्लासिक झाले होते. दरम्यान मुंबईतच ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड तुकोबांचे अभंग बास गिटारवर गाऊ लागला होता. पन्नास वर्षांनी त्याला काय म्हणतील, ते तेव्हाची पोरं ठरवतील.

एक विनंती आहे. रंगभवनातल्या त्या रात्रींचं ध्वनिमुद्रण जे काही उरलं असेल, ते बहुतेक खासगी घरांतच असणार. मुंबईत शिकलेल्या, बोटीवर किंवा गोव्यात नोकरी केलेल्या आपल्या माणसांच्या ट्रंकांत अशा कॅसेटी, तिकिटं, छापील पत्रकं पडलेली असतील. कोकणातली दमट हवा टेपला बुरशी आणते. या वस्तू रद्दीत घालू नका. येत्या पावसाळ्याआधी कॅसेट संगणकावर उतरवून घ्या, आणि कुठला बँड, कुठलं साल, कुणी मुद्रित केलं, एवढं तरी लिहून ठेवा.