खाजगी तबकड्यांवरील सुषिरवाद्ये

विसाव्या शतकातील नव्या पाश्चात्त्य संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा जाहीर मैफली, छापील स्वरलिपी आणि वृत्तपत्रांतील वादंग यांचेच दप्तर उघडतात. परंतु त्या संगीताचा प्रत्यक्ष नाद पुष्कळदा बाजारात कधीच न आलेल्या खाजगी तबकड्यांवर राहिला, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

संगीतकार आर्नोल्ड शोएनबर्ग यांच्या परिवाराला खाजगीपणाची सवय जुनी होती. १९१८ साली त्यांनी व्हिएन्नात खाजगी संगीतप्रयोगांची जी संस्था स्थापिली, तेथे टीकाकारांना मज्जाव होता आणि टाळ्याही निषिद्ध होत्या. पुढे १३ सप्टेंबर १९२४ रोजी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून यांचे त्यांचे पंचक त्याच शहरात प्रथम वाजले. बारा स्वरांच्या एका क्रमातून उभारलेली, चार भागांची, सुमारे चाळीस मिनिटे चालणारी ही रचना त्यांनी तान्ह्या नातवाला अर्पण केली होती. आणि वादक अवघे पाच असूनही जावई फेलिक्स ग्राइस्ले यांना संचालक म्हणून उभे राहावे लागले, एवढ्यावरूनच तिची दुष्करता ध्यानी यावी.

असे संगीत व्यापारी कंपन्यांनी हाती घ्यावे कशाला? अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत, म्हणजे या पंचकाला नऊ-दहा बाजू लागणार, आणि गिऱ्हाईक मूठभर. शोएनबर्गांच्या चार तंतुवाद्य-चतुष्टयांचे कोलिश या वादक-चौकडीने १९३६-३७ च्या हिवाळ्यात हॉलिवुडात केलेले ध्वनिमुद्रणही चित्रपट-संगीतकार आल्फ्रेड न्यूमन यांनी चित्रपटाच्या स्टुडिओत खाजगी रीतीनेच घडवून आणले. त्याच सुमारास ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेल्या, तत्क्षणी कोरता येणाऱ्या तबकड्या प्रचारात आल्या. सोळा इंची तबकडीवर मंद गतीने एका बाजूस पंधरा मिनिटे बसू लागली आणि कारखान्याचा उंबरठा न ओलांडता मैफल टिपणे शक्य झाले.

सुषिरवाद्यांच्या बाबतीत या सोयीचे मोल विशेष आहे. वादकाने दम कोठे घेतला, लांब पल्ल्याचे वाक्य त्याने कोठे तोडले, हे स्वरलिपी सांगत नाही. तबकडीवर मात्र बसूनच्या चाव्यांची खटखट आणि हॉर्नवादकाने घाईने ओढलेला श्वासही ऐकू येतो, आणि नव्या संगीताशी झुंजणाऱ्या पहिल्या पिढीची कसोटी नेमकी तेथेच कळते.

दुर्दैवाने हा पुरावा नाशवंत आहे. लेप कालांतराने आकसून धातूपासून सुटतो आणि तडकतो. त्यातील एरंडेल विघटन पावून पृष्ठावर पांढरी, तेलकट भुकटी साचते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲल्युमिनियमच्या टंचाईमुळे काचेवर लेप दिलेल्या तबकड्या तर एका धक्क्याने फुटतात. शिवाय प्रत्येक वादनागणिक सुई खाच झिजवते. म्हणून अशी तबकडी संग्रहात आढळताच जाणत्या हातांनी तिचे प्रतिमुद्रण करावे. वादक कोण आणि साल कोणते याचा शोध दप्तरांतून मागाहूनही घेता येतो, सुटलेल्या लेपातील नाद मात्र पुन्हा हाती लागणे फार कठीण असते.