आयपी पत्त्याची नोंद : कोण ठेवते, कोण तपासते

रायपूर : येथील समता कॉलोनीतील एखाद्या घरातून वीजबिल ऑनलाइन भरले, तर त्या व्यवहारासोबत एक आयपी पत्ताही नोंदला जातो. हा पत्ता सार्वजनिक नोंदवहीत शोधल्यास तेथे घरमालकाचे नाव सापडत नाही, कॉलोनीचेही नाही. सापडते ती इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनी आणि तिचे कार्यालय, जे अनेकदा दुसऱ्याच शहरात असते. घरापर्यंतचा पुढचा दुवा त्या कंपनीच्या ग्राहकनोंदीत असतो. या साखळीतील एक नोंद चुकली, तरी तपासयंत्रणा भलत्याच दारात पोहोचू शकते.

पुणे पोलिसांच्या एका तपासात असेच घडले. २००७ मध्ये ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध झाला होता. आयपी पत्त्याचा माग काढत पोलिसांनी बंगळुरूतील एका संगणक अभियंत्याला अटक केली. सुमारे ५० दिवस तो येरवडा कारागृहात होता. दूरसंचार कंपनीने पुरवलेली ग्राहकाची माहितीच चुकीची असल्याचे नंतर उघड झाले.

आयपी पत्त्यांचे वाटप वरून खाली होते. जागतिक साठ्यातून ते ५ प्रादेशिक नोंदणी संस्थांकडे येतात. आशिया-प्रशांत विभागाची संस्था ‘एपीनिक’ ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. भारतात ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ अर्थात ‘निक्सी’च्या अखत्यारीतील ‘आयआरआयएनएन’ ही राष्ट्रीय नोंदणी संस्था २०१२ पासून हे काम पाहते. एपीनिकच्या धोरणानुसार पत्ते कोणाच्या मालकीचे होत नाहीत. गरज दाखवून ते वापरण्यापुरते मिळतात आणि त्यांची नोंद अचूक ठेवणे घेणाऱ्यावर बंधनकारक असते. गैरवापराच्या तक्रारींसाठी दिलेला ईमेल चालू आहे की नाही, हेही एपीनिक दर ६ महिन्यांनी तपासते.

हा काटेकोरपणा टंचाईतून आला आहे. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य आहेत. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एपीनिक आपल्या अखेरच्या राखीव साठ्यावर आली आणि प्रत्येक सदस्यावर त्यातून कमाल १,०२४ पत्त्यांची मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती ५१२ झाली. एकेकाळी केवळ अर्जावर मिळणारी ही गोष्ट आता पैसे मोजून हस्तांतरित होते, आणि पैसा आला की बनावट कागदपत्रेही येतात. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातील एका व्यावसायिकाने बनावट कंपन्या दाखवून ७ लाखांहून अधिक पत्ते मिळवले होते. २०२१ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. २०२३ मध्ये त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली.

नोंदणी संस्थेच्या हाती मात्र पोलिसी अधिकार नसतात. करार मोडल्यास पत्ते परत घेणे, एवढेच तिचे मुख्य शस्त्र. ते उगारणे किती महाग पडू शकते, हे मॉरिशसस्थित ‘आफ्रिनिक’ने अनुभवले. सेशेल्समध्ये नोंदणी असलेल्या ‘क्लाउड इनोव्हेशन’ कंपनीकडील सुमारे ६२ लाख पत्ते, मंजूर गरजेनुसार वापर होत नसल्याच्या कारणावरून, काढून घेण्याची कारवाई तिने २०२१ मध्ये सुरू केली. कंपनी न्यायालयात गेली. आफ्रिनिकची बँक खाती काही काळ गोठवली गेली आणि २०२३ मध्ये संस्थेवर रिसीव्हर नेमण्याची वेळ आली. शिक्षा करणारी संस्थाच मोडकळीस आली, असे याचे वर्णन अतिशयोक्त ठरू नये.

भारतात सरकारी नियमांचा आधार अधिक आहे. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून इंटरनेट वापराच्या नोंदी किमान २ वर्षे जपणे बंधनकारक केले. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा सेंटर, क्लाउड आणि व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची पडताळलेली नावे व त्यांना दिलेले आयपी पत्ते सेवा बंद झाल्यानंतरही किमान ५ वर्षे ठेवावे लागतात.

तरीही केवळ आयपी पत्त्यावरून व्यक्ती ठरत नाही. टंचाईमुळे कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटतात. अशा वेळी नेमका ग्राहक ओळखण्यासाठी पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. ती वेळ भारतीय आहे की परदेशी सर्व्हरची, याचाही उल्लेख हवा. दोहोंत साडेपाच तासांचा फरक पडला, तरी त्या पत्त्यावर दुसराच ग्राहक असू शकतो. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाई नाही आणि त्याच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत आहे. मात्र अनेक संकेतस्थळे अद्याप जुन्याच पद्धतीवर चालत असल्याने दोन्ही नोंदवह्या सांभाळणे कंपन्यांना भाग आहे.