डबल ‘ओ’मध्ये दडलेली अमरावती

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत अमरावतीचा शोध घेणाऱ्याच्या हाती ‘ए’ या अक्षराखाली अनेकदा काहीच लागत नाही. ती सापडते ‘ओ’खाली, आणि तीही लागोपाठ दोन ‘ओ’ घेऊन. वाचताना ‘ऊमरावटी’ असे वाटणारे ते स्पेलिंग आज हास्यास्पद भासते. परंतु ते निव्वळ साहेबी अज्ञान नव्हते.

शहराचे प्राचीन नाव उदुंबरावती. त्याचे उंबरावती, पुढे उमरावती आणि अखेर अमरावती झाले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. म्हणजे मराठी लेखनातून निसटलेला आरंभीचा ‘उ’ इंग्रजांच्या दप्तरात मात्र टिकून राहिला.

त्या काळी ‘उ’ व ‘ऊ’ या स्वरांसाठी डबल ‘ओ’, ‘ई’साठी डबल ‘ई’ आणि ‘अ’साठी ‘यू’ लिहिण्याचा प्रघात होता. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदुस्थानी शिकविणारे जॉन गिलख्रिस्ट (१७५९-१८४१) यांच्या लेखनपद्धतीतही हीच अक्षरे होती. त्यामुळे पूर्णा नदी, बुलढाणा, कुणबी, मुनशी या साऱ्यांच्या पोटात डबल ‘ओ’ शिरला. बाळापूर, मूर्तिजापूर, एलिचपूर यांच्या शेवटी तर ‘गरीब’ या अर्थाचा इंग्रजी शब्दच जसाच्या तसा उभा राहिला! अकोल्याच्या नावात ‘उ’कारच नसल्याने ते शहर या फेऱ्यातून सुटले.

यातील एका शब्दाने मात्र सातासमुद्रापलीकडे नाव कमावले. वऱ्हाड व आसपासच्या प्रदेशातून मुंबईमार्गे जाणारा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. ढोलेरा, ब्रोच (म्हणजे भडोच), हिंगणघाट यांच्या जोडीने ‘ऊमरा’चे भाव लिहिले जात. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानी कापसाला प्रचंड मागणी आली. तो घेणाऱ्या कित्येकांना हे एका गावाचे नाव आहे, याची कल्पनाही नसेल.

विल्यम हंटर यांनी १८७१ मध्ये भारतीय विशेषनामांच्या लेखनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ‘उ’साठी ‘यू’ आणि ‘अ’साठी ‘ए’ हा तिचा नियम सरकारी लेखनात रुळला आणि डबल ‘ओ’ हळूहळू मागे पडला. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये अमरावती ‘ए’ने सुरू होते, शेवट मात्र ‘ओ-टी-आय’ असा, ‘अमराओती’ वाचावा असा.

एलिचपूरची गोष्ट निराळी. तेथील डबल ‘ओ’ इंग्रजांचा असला, तरी अचलपूरमधील ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल त्यांनी केलेली नाही. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘अलचपुर’ या रूपासाठी स्वतंत्र सूत्रच आहे.

जुने अहवाल आता संगणकावर शोधता येत असले, तरी यंत्र दिलेली अक्षरेच जुळवून पाहते. त्यामुळे आपल्या गावाचा जुना इंग्रजी उल्लेख हवा असेल, तर आजच्या स्पेलिंगमधील ‘यू’च्या जागी डबल ‘ओ’, ‘आय’च्या जागी डबल ‘ई’ आणि ‘ए’च्या जागी ‘यू’ घालूनही शोध घ्यावा. अचलपूरकरांनी थेट ‘ई’ उघडावे, आणि अमरावतीकरांनी ‘ओ’.