वसुलाचा हक्क आणि जमिनीची मालकी

जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. ज्याचें नांव दप्तरांत तो मालक, कीं ज्याचा नांगर शेतांत तो मालक, कीं ज्याच्या खजिन्यांत सारा जातो तो मालक? आपल्या शास्त्रकारांस हा घोटाळा चांगला ठाऊक होता. खुंट तोडून जो रान लागवडीस आणतो त्याचें शेत, असें मनु म्हणतो. आणि विश्वजित् यज्ञांत सर्वस्वदान करणाऱ्या राजासही पृथ्वीचें दान करतां येत नाहीं, असा मीमांसकांचा निर्णय आहे. राजाचा हक्क रक्षणाबद्दलच्या वाट्यापुरता. स्वामित्व ही निराळी वस्तु.

हा भेद व्यवहारांत किती सहज पुसला जातो, तें आमच्या कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून रायगड) किनाऱ्यावर पाहावें. खोत हा मुळांत गांवचा सारा सरकारांत भरण्याची हमी घेणारा. कित्येक खोतांच्या पूर्वजांनीं ओसाड गांवें वसविलीं, हें त्यांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हमीचा हा अधिकार वंशपरंपरा चालूं लागला, त्याच्या वांटण्या झाल्या, तो गहाण पडूं लागला. आणि जी वस्तु विकतां येते ती आपल्या मालकीचीच, असा समज रूढ झाला. कुळानें भाताचें निम्में पीक, म्हणजे अर्धेल, खोताच्या घरीं पोंचवावें. वर वेठ करावी ती निराळीच. मुख्यत्वें रत्नागिरीसाठीं झालेल्या १८८० च्या खोती कायद्यानें कांहीं कुळांची वहिवाट मान्य केली खरी, पण खोताच्या हक्कासही कायद्याची मोहोर लाभली.

मालकींत चार हक्क तरी एकत्र नांदतात: ताबा, उपभोग, परक्यास मज्जाव आणि हस्तांतर. खोताजवळ शेवटचे दोन होते. पहिले दोन कुळाच्या कष्टांवर उभे होते. खारपाटांत तर हें अधिकच उघड होतें. खाडीच्या काठीं बांध घालावा, पावसानें माती धुवून निघेपर्यंत वाट पाहावी, तेव्हां कोठें भात पिकावयाचें. बांध फुटला कीं पुन्हा खार. मनूच्या कसोटीनें हें शेत कोणाचें, हें सांगावयास नको.

हा प्रश्न शेतकऱ्यांनीं स्वतः विचारला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं अलिबाग तालुक्यांतील चरी येथें सभा भरली, आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय झाला. १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारें सहा वर्षें, तो टिकला. कुळांनीं लांकूडफाटा विकून व मिळेल तें काम करून दिवस काढले. कागद खोताजवळ राहिला, पण त्या कागदांतून भाताचा दाणा निघेना. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. पुढें १९३९ व १९४८ चे कूळकायदे झाले, १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कायद्याच्या अटींत बसणारें कूळ जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें.

तथापि एक भ्रम गेला म्हणून दुसरा येऊं नये. आज कोणी सातबाऱ्याचा उतारा दाखवून ‘ही जमीन माझी’ म्हणतो. हक्कनोंदणीचा मूळ हेतु महसूल व वहिवाट यांची नोंद ठेवणें हा आहे. तिच्यांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची. ती पुरावा आहे, हक्काची जननी नव्हे. हक्क जन्मतो तो खरेदी, वारसा, दान किंवा कायदा यांतून. मुंबईच्या शेजारामुळें या किनाऱ्यावर जमिनीस मोठा भाव आला असतां हा विवेक फार जरूर आहे. उताऱ्यावर न चढलेली बहीण वारस नाहीं असें नव्हे, आणि केवळ नोंद झाली म्हणून सदोष खरेदी निर्दोष होत नाहीं. नोंदीला हक्क समजणें ही खोतीचीच चूक नव्या कागदावर करणें होय. आणि तिची किंमत पूर्वींप्रमाणें आतांही दुबळ्यासच द्यावी लागते.