फेस नदीला का येतो? १९६४ ची एक जुनी गोष्ट

आळंदीला इंद्रायणी फेसाळली की फोटो फिरतात. फेस ओसरला की सगळे गप्प. म्हणून हे सांगतोय.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत साबणाची जागा डिटर्जंट पावडरीने घेतली. थोड्याच वर्षांत नद्यांवर फेसाचे ढीग, काही ठिकाणी तर नळाच्या पाण्यालाही फेस! मेख प्रमाणात आहे. डिटर्जंटचे रेणू आधी पाण्याच्या पृष्ठभागावर गोळा होतात. तिथली जागा भरली की उरलेले पाण्यातच एकमेकांना बिलगून बारीक गोळे करतात आणि तेलकट मळ पोटात घेतात. कपडे धुवायला साधारण एवढं प्रमाण लागतं. फेसाला मात्र फारच थोडं पुरतं, लिटरमागे एखादा मिलिग्रॅमसुद्धा. पाणी बंधाऱ्यावरून आदळलं की झालं. 'नदीत जाऊन पातळ होईल' हा हिशेब इथे लंगडा पडतो.

त्या काळच्या डिटर्जंटच्या रेणूची शेपटी फांद्याफांद्यांची, जिवाणूंना ती पचेना. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, १९६४ पासून तो लागू झाला: न कुजणारं डिटर्जंट विकायचं नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांनीही १९६५ मध्ये सरळ शेपटीचा रेणू घेतला. फेस पुष्कळ कमी झाला.

पण सरळ शेपटीही जिवाणू खातात ते वेळ आणि प्राणवायू मिळाला तर. सांडपाणी तसंच नदीत सोडलं तर कुठला मिळणार? त्यामुळे फेस मारायला फवारे आणले की मला हसू येतं. वरच्या अंगाचं किती सांडपाणी प्रक्रिया होऊन येतं, तो आकडा आधी मागा.