दूरबिणीचा व्यास आणि विभेदनक्षमतेचा इतिहास

दूरबिणीचा इतिहास पुष्कळदा आरशांच्या वाढत्या व्यासांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि व्यास कशासाठी हवा, हा मूळ प्रश्न त्यात मागे पडतो.

इ. स. १८३५ मध्ये एअरी याने सिद्ध केले की, निर्दोष भिंगातूनही ताऱ्याचे प्रतिबिंब बिंदुरूप पडत नाही. विवर्तनामुळे त्याची लहानशी तबकडी बनते. तिचा कोनीय विस्तार तरंगलांबीच्या सम व दूरबिणीच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. विभेदनक्षमतेची अंतिम मर्यादा अशा रीतीने कारागिराच्या कौशल्यापलीकडची ठरली.

माउंट विल्सन येथील १०० इंची दूरबीण त्या काळी जगात सर्वांत मोठी होती. तरीही दृश्य प्रकाशात तिची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ०·०५५ विकला होती, आणि वातावरणाच्या अस्थैर्यामुळे प्रत्यक्ष प्रतिबिंब त्याहून कितीतरी पसरट पडे. मायकेल्सनने आरसा वाढविला नाही. दूरबिणीच्या मुखावर २० फुटी तुळई बसवून तीवरील दूरस्थ लहान आरशांनी आलेले किरण एकत्र आणण्याची योजना केली. १३ डिसेंबर १९२० रोजी पीझ व अँडरसन यांना, आरशांतील अंतर १२१ इंच असता, काक्षी ताऱ्याचे व्यतिकरण-पट्ट लोपलेले आढळले. त्यावरून ताऱ्याचा कोनीय व्यास ०·०४७ विकला निघाला. प्रकाश गोळा करण्यास क्षेत्रफळ लागते, सूक्ष्म भेद ओळखण्यास मात्र अंतर पुरते, हे येथे स्पष्ट झाले. परंतु हाती आली ती एक संख्या, प्रतिमा नव्हे.

रेडिओ लहरींनी हा प्रश्न अधिक तीव्र केला. ग्रोट रेबरने १९३७ मध्ये उभारलेली सुमारे साडेनऊ मीटरची बशी १·८७ मीटर तरंगलांबीवर सुमारे १२ अंशांपर्यंतच, म्हणजे चंद्रबिंबाच्या चोवीसपट कोनापर्यंतच, भेद करू शके. तीच तरंगलांबी ठेवून १०० इंची दूरबिणीची बरोबरी करावयाची, तर सुमारे ८,६०० किलोमीटर व्यासाची बशी लागली असती. केंब्रिज येथे राइल व त्याचे सहकारी यांनी मार्ग काढला तो असा : अनेक अंतरांवरील व अनेक दिशांतील जोड्यांची मापने, पृथ्वीच्या परिवलनाचाही उपयोग करून, गणिताने जुळवावयाची. संख्येची प्रतिमा झाली ती येथे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील, सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना याच तत्त्वावर चालतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले एम ८७ दीर्घिकेच्या केंद्राचे चित्र १·३ मिलिमीटर लहरींवर, पृथ्वीच्या व्यासाशी तुल्य अंतरांनी मिळविले गेले. एअरीचे गुणोत्तर तेथेही अबाधित राहिले. बदलला तो ‘व्यास’ या शब्दाचा अर्थ.