खर्चाच्या २५ पट: हा आकडा नक्की कोणासाठी काढला होता?

आजचा भाग रिटायरमेंटचा आहे, पण साठीनंतरच्या रिटायरमेंटचा नाही. माझं वय २८, काम सॉफ्टवेअरचं. चाळिशीच्या आत नोकरी सोडायची आणि मग वर्षानुवर्षं फिरत राहायचं, हे माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. त्याला किती पैसे लागतील असं विचारलं, की कँटीनमध्येसुद्धा एकच उत्तर मिळतं: वर्षाच्या खर्चाच्या २५ पट. वर्षाला ६ लाख लागतात? मग दीड कोटी जमवा, पहिल्या वर्षी त्यातले ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्या, आणि निघा. या आकड्याच्या भरवशावर लोक राजीनामा द्यायचा विचार करतायत. म्हणून तो आला कुठून, हे आज बघू.

गोष्ट सुरू होते जो डोमिंगेझपासून. हा न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर विश्लेषक होता. १९६९ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी त्याने नोकरी सोडली ती कायमची. बचत अमेरिकन सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत, आणि राहणी एकदम साधी: वर्षाला साधारण ६-७ हजार डॉलर. त्याच्या हिशेबात ४ टक्के वगैरे काही नव्हतं. भिंतीवर एक आलेख लावायचा, त्यावर दर महिन्याला दोन रेषा पुढे न्यायच्या, एक खर्चाची आणि एक व्याजाची. व्याजाची रेषा खर्चाच्या रेषेला ओलांडून वर गेली, की तुम्ही मोकळे. हे तो आधी शिबिरांत शिकवायचा, मग त्याच्या ऑडिओ कॅसेट निघाल्या. म्हणजे त्या काळचा पॉडकास्टच म्हणा ना! १९९२ मध्ये विकी रॉबिनबरोबर लिहिलेलं ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ हे पुस्तक आलं आणि ही कल्पना घराघरांत पोचली.

प्रवासाची बाजू आणली पॉल टरहॉर्स्टने. हा अकाउंटंट. १९८४ मध्ये, ३५व्या वर्षी नोकरीतून बाहेर पडला आणि बायकोबरोबर देशोदेशी राहू लागला. १९८८ मध्ये त्याने ३५व्या वर्षी रिटायर कसं व्हायचं यावर पुस्तक लिहिलं. त्याचा सल्ला सरळ होता: पैसे बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा आणि दिवसाला ५० डॉलरमध्ये भागवा. तेव्हा अमेरिकेत व्याजदर चढे होते, त्यामुळे हे गणित बसत होतं. पुढे व्याजदर उतरत गेले. १९८१ मध्ये तिथल्या १० वर्षांच्या सरकारी रोख्यावर १५ टक्क्यांहून जास्त मिळत होतं, २०२० मध्ये १ टक्कासुद्धा मिळेना. नुसत्या व्याजावर जगायची ही वाट अरुंद होत गेली.

आता आपला ४ टक्क्यांचा माणूस. विल्यम बेंगेन, शिक्षणाने एरोनॉटिकल इंजिनिअर, नंतर कॅलिफोर्नियात आर्थिक सल्लागार. त्याच्याकडे लोक रिटायरमेंटची काळजी घेऊन यायचे. त्यांचा प्रश्न एकच: आमचे पैसे आम्हाला पुरतील ना? बेंगेनने १९२६ पासूनचे अमेरिकन बाजाराचे आकडे घेतले आणि तपासलं, की अमुक वर्षी रिटायर झालेल्या माणसाचे पैसे ३० वर्षं टिकले असते का? सगळ्यात वाईट नशीब निघालं साठच्या दशकाच्या शेवटी रिटायर होणाऱ्यांचं. पुढे १९७३-७४ मध्ये बाजार कोसळला आणि वर महागाई. त्यांचंसुद्धा भागलं असतं असा दर आला सुमारे ४ टक्के. त्याचा लेख ऑक्टोबर १९९४ मध्ये छापून आला. १९९८ मध्ये टेक्सासच्या ट्रिनिटी विद्यापीठातल्या तीन प्राध्यापकांनी १५ ते ३० वर्षांच्या मुदती तपासल्या, आणि हा नियम पक्का झाल्यासारखा वाटू लागला.

इथे एक गंमत बघा. डोमिंगेझने नोकरी सोडली तीही १९६९ मध्येच, म्हणजे जवळजवळ त्याच सगळ्यात वाईट मुहूर्तावर! पुढच्या बारा वर्षांत अमेरिकेतली महागाई जवळजवळ अडीचपट झाली. अशा काळात त्याचा मुख्य आधार होता स्वतःचा खर्च, कारण तेवढाच त्याच्या हातात होता.

म्हणजे २५ पट हे उत्तर आहे, पण प्रश्न वेगळा होता. तो प्रश्न होता पासष्टीच्या अमेरिकन माणसाचा. तो अमेरिकेतच राहणार, डॉलरमध्येच खर्च करणार आणि पैसे ३० वर्षं पुरले की झालं. बेंगेनने पुढे आपला आकडा थोडा वर नेला, पण मुदत मुळात ३० वर्षांचीच.

आपलं काय? पस्तिशीत थांबलो तर पन्नासेक वर्षं काढायची आहेत. महागाई ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. आजचे ६ लाख मी ६४ वर्षांचा होईन तेव्हा ४८ लाख झालेले असतील.

दुसरं, बचत रुपयात आणि भटकंती परदेशात. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ रुपयांवरून थेट ७.५० रुपयांवर गेला. एका दिवसात परदेशातला प्रत्येक चहा दीडपटीहून महाग! जुलै १९९१ मध्ये दोन-तीन दिवसांच्या अंतराने रुपयाचं पुन्हा दोनदा अवमूल्यन झालं. आणि रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला स्वतःच्या मर्जीने वर्षाला ठरावीक डॉलर बाहेर न्यायची मोकळीक दिली ती २००४ मध्ये, तीही सुरुवातीला २५ हजारांपर्यंतच. आपल्या आई-वडिलांच्या तरुणपणी पगार साठवून जग फिरत राहणं कुणाच्या डोक्यात का येत नसे, याचं एक कारण इथेही आहे. त्यांना नुसतं घाबरट म्हणून मोकळं होऊ नका.

मग स्वप्न सोडायचं का? अजिबात नाही. मी माझ्या शीटमध्ये ४ ऐवजी ३ टक्के धरलेत, म्हणजे खर्चाच्या साधारण ३३ पट. ६ लाखांसाठी २ कोटी. हीसुद्धा हमी नाही, फक्त जास्तीची जागा आहे. परदेशातला खर्च वेगळ्या रकान्यात, आणि त्यात रुपया दरवर्षी थोडा घसरतोय असं धरलंय. शिवाय मधूनमधून थोडंफार काम करावं लागलं तर त्याची लाज वाटून घ्यायची नाही.

आणि सगळ्यात आधी डोमिंगेझचा आलेख. २५ पट की ३३ पट, हे भांडण नंतरचं. कशाच्या २५ पट, हे आधी माहीत हवं. गेल्या महिन्यात तुमचा खर्च नक्की किती झाला? यूपीआयची हिस्टरी उघडा, बेरीज करा, आणि आलेखावर पहिला ठिपका काढा. भेटू पुढच्या भागात!